शून्याचे पाच टक्के

२०१५ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेम बनवणाऱ्यांचा वार्षिक मेळा भरला आणि त्या आठवड्यात तिथे फुकट देण्याची चढाओढ लागली. सोमवारी, २ मार्चला, एपिक गेम्सने जाहीर केलं की आमचं अनरियल इंजिन ४ आजपासून कोणीही घेऊन जावं, पैसे नकोत. मंगळवारी युनिटीने आपली पाचवी आवृत्ती काढली आणि सांगितलं की वर्षाला एक लाख डॉलरच्या आत मिळकत असलेल्यांना ती फुकट, तीही इंजिनातली एकही सोय हातची राखून न ठेवता. त्याच मेळ्यात व्हॉल्व्हनेही आपलं सोर्स २ इंजिन फुकट देणार असल्याचं सांगून टाकलं. आदल्याच आठवड्यात एपिकला महिन्याचे १९ डॉलर भरून बसलेल्यांचं काय झालं असेल, असं आपल्या मनात येतं. एपिकच्याही आलं होतं. उरलेल्या दिवसांच्या हिशेबाने पैसे परत आणि वर ३० डॉलरची खरेदी मोफत, असा तोडगा त्यांनी काढला. खरेदी अर्थात एपिकच्याच दुकानात करायची.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. निसर्ग जी कामं कोणी न सांगता करतो, ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोणाला तरी हिशेब करून करावी लागतात. दगड सोडला की खाली पडावा. सावली उजेडाच्या उलट बाजूला जावी. माणूस भिंतीवर आपटावा, पलीकडे निघू नये. हे सगळं सेकंदाला तीस किंवा साठ वेळा. ही कामं करणारा जो तयार सांगाडा असतो तो म्हणजे गेम इंजिन. प्रत्येकाने आपापला बांधायचा म्हटलं तर गेमला हात लावण्याआधीच काही वर्षं जातात, म्हणून मोठ्या कंपन्या तो परवान्याने घेत. परवान्याची किंमत कुठे छापलेली नसे, ती विचारावी लागे. जिथे किंमत फोन करून विचारावी लागते तिथे फोन करू नये, हे मध्यमवर्गाला उपजत कळतं. तेव्हाचे आकडे लाखो डॉलरांत असत.

एवढे पैसे मोजूनही सुख होतंच असं नाही. कॅनडातल्या सिलिकॉन नाइट्स नावाच्या कंपनीने अनरियल इंजिन ३ घेतलं आणि २००७ साली एपिकवर दावा ठोकला, की इंजिन कबूल केल्याप्रमाणे आणि वेळेवर मिळालं नाही. एपिकने उलट दावा ठोकला, की यांनी आमचाच कोड उचलून ‘आमचं स्वतःचं इंजिन’ म्हणून मिरवलं आहे. पाच वर्षं हे चाललं. २०१२ साली निकाल लागला तो असा, की सिलिकॉन नाइट्सनेच एपिकला ४४ लाख ५० हजार डॉलर द्यावेत आणि त्या कोडवर उभ्या राहिलेल्या गेम्सच्या न विकलेल्या प्रती नष्ट कराव्यात. तक्रारदार भरपाई मागायला गेला आणि भरपाई देऊन आला. मी आमच्या गृहरचना संस्थेचा सेक्रेटरी आहे. हा निकाल मी काही निवडक सभासदांना आवर्जून वाचायला दिलेला आहे.

सेक्रेटरी असल्याचा दुसरा परिणाम म्हणजे मला नियम वाचायची सवय आहे. आदर्श उपविधी ज्याने शेवटपर्यंत वाचले त्याला पुढे कुठलंच वाङ्मय जड जात नाही. त्यामुळे साताऱ्याहून ताईचा फोन आला, की “अरे, याने अमेरिकेतल्या कुठल्या कंपनीचं काहीतरी फुकट घेतलंय, त्यात सही-बिही तर नाही ना केली?” तेव्हा करार वाचायचं काम माझ्याकडे आलं. भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने करार वाचला नव्हता. खाली गेल्याशिवाय ‘मान्य आहे’चं बटण दाबता येत नाही म्हणून तो नुसता खाली गेला होता.

करार साधा होता. इंजिन फुकट, त्याचा अख्खा सोर्स कोडसुद्धा फुकट. गेम बनवा, विका. एका गेमची एका तिमाहीतली विक्री ३,००० डॉलरपर्यंत असेल तर आमचं काही देणं नाही. त्यापुढे जाल तर वरच्या रकमेचे ५ टक्के आम्हाला पाठवा. विक्रीचे आकडे तुम्हीच कळवायचे.

दाजींना मी हे फोनवर समजावून सांगितलं.

“आणि याने काहीच नाही कमावलं तर?”

“तर शून्याचे पाच टक्के.”

“म्हणजे कंपनीला काय मिळणार?”

“काही नाही.”

“मग देतात कशाला?”

या प्रश्नाचं व्यापारी उत्तर सोपं आहे: लाखभर पोरांना इंजिन वाटलं की त्यातला एखादा असा गेम काढतो, की त्याच्या ५ टक्क्यांत बाकीच्यांचा खर्च निघून वर उरतं. पण दाजींना ते पटेना, कारण हिशेबात कुठेतरी आपल्या मुलाचा नंबर लागू शकतो असं गृहीत धरलेलं होतं. दाजींनी स्वतः तसं कधी धरलेलं नव्हतं. मला त्या कराराचं खरं कौतुक वाटलं ते इथेच. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी नावाच्या गावात बसलेल्या वकिलांनी माझा भाचा तिमाहीत तीन हजार डॉलरच्या पुढे गेला तर काय करायचं, याचा शांतपणे विचार करून ठेवला होता. आमच्या घराण्यात तो विचार अजून कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. २०२० च्या मे महिन्यात तर एपिकने ही मर्यादा एकदम वाढवून एका गेममागे दहा लाख डॉलर केली. पहिले दहा लाख डॉलर कमावेपर्यंत आमचं नाव काढू नका, त्यानंतर बघू. “दहा लाख डॉलरपर्यंत काही देऊ नको म्हणतायत,” असं ताईने शेजारी सांगितलं ते अशा आवाजात, की साडेनऊ लाख घरात आलेले आहेत.

एपिकला ही सवय मुळापासून आहे. टिम स्विनी या मुलाने १९९१ साली मेरीलँडमधल्या पोटोमॅक गावात आईबापांच्या घरी ही कंपनी काढली. पहिला गेम झेडझेडटी. त्याचा पहिला भाग फुकट वाटायचा, चटक लागली की पुढचे भाग पैसे पाठवून टपालाने मागवायचे. गेमसोबत तो बनवायचं साधनही दिलेलं, म्हणजे लोक आपापली राज्यं रचत बसायचे. कंपनीचं नाव त्याने थोड्याच दिवसांत ‘एपिक मेगागेम्स’ केलं, ऐकणाऱ्याला मोठा कारभार वाटावा म्हणून. कारभार म्हणजे एक मुलगा, एक कॉम्प्युटर आणि आईचं स्वयंपाकघर जवळ. पुढे खरोखरच मोठे झाल्यावर त्यांनी ‘मेगा’ काढून टाकलं.

करार वाचायचा आनंद ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी मात्र २०१६ चा ॲमेझॉनचा वाचावा. ॲमेझॉनने त्या फेब्रुवारीत लंबरयार्ड नावाचं इंजिन फुकट काढलं. अटींमध्ये लिहिलं होतं की हे इंजिन दवाखान्यातली यंत्रं, विमानं, अणुभट्ट्या असल्या जिवाशी संबंध असलेल्या कामांना वापरायचं नाही. इथवर ठीक. पण पुढे कलम ५७.१० मध्ये एक अपवाद होता. चाव्यातून पसरणाऱ्या विषाणूमुळे मेलेली माणसं उठून जिवंत माणसांचं मांस खाऊ लागली आणि संस्कृतीचा अंत जवळ आला, तर ही बंदी लागू राहणार नाही. मात्र तसं झाल्याचं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने प्रमाणित केलेलं असलं पाहिजे. माझा जीव त्या शेवटच्या वाक्यावर जडला. प्रेतं चालू लागली, हे उघड्या डोळ्यांनी दिसतंय, पण दाखला आणा. असं कलम लिहिणारा माणूस आमच्या उपनिबंधक कार्यालयात उभा राहिला तर पहिल्याच दिवशी रुळेल.

असो. इंजिन उतरवायला साताऱ्यात रात्र गेली. मग कळलं की एपिकच्या शिफारशीप्रमाणे त्याला आठ जीबी रॅम लागते आणि दाजींच्या लॅपटॉपला चार आहे. फुकट इंजिनासाठी घरात पहिली खरेदी रॅमची झाली, दुसरी ग्राफिक्स कार्डवाल्या नव्या मशीनची. ते आल्यावर इंजिन शेडर तयार करायला बसलं. शेडर म्हणजे पृष्ठभागावर उजेड कसा पडेल याची गणितं. कोपऱ्यात एक आकडा दिसतो, किती उरले त्याचा, आणि तो उतरत जातो. ताई येता-जाता तो आकडा बघायची आणि स्वयंपाकघरातून विचारायची, “किती राहिले?” घरात इतक्या आस्थेने बोर्डाच्या निकालाचीही वाट पाहिली गेली नव्हती.

गेम कसला, हे विचारायची गरज नाही. हातात पहिल्यांदा इंजिन आलेला मराठी मुलगा शिवकाळाखेरीज दुसरा विषय घेत नाही, आणि एका किल्ल्यावर त्याचं भागत नाही. महाराष्ट्रातले झाडून सगळे किल्ले, मधला मुलूख, ऋतू, बाजार, घोडदळ, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाशी बोलता आलं पाहिजे. बनवणार एकटा, सुट्टीत. जाणकार सांगतात की पहिला गेम चेंडू-फळीचा करावा, आठवड्यात पुरा करावा. हा सल्ला सगळे ऐकतात आणि किल्ल्यापासून सुरुवात करतात.

भाच्याने सुरुवात गवतापासून केली. गवत फार सुंदर झालं. वारा आला की अजिंक्यताऱ्याच्या उतारावर लाट जायची. दर सुट्टीत मी गेलो की तो मला गवत दाखवायचा. एकदा त्यात सूर्यास्त होता, एकदा धुकं होतं. मावळा कुठे आहे, असं मी विचारलं तर तो म्हणाला, “मामा, तो शेवटी.” तोवर गवतात उभा होता तो एपिकने सोबत दिलेला राखाडी पुतळा, चेहरा नसलेला. घोडा एपिकच्या दुकानात विकत मिळत होता, पण त्याच्यावर अमेरिकन गुराख्यांचं खोगीर होतं. झाडं फुकटच्या संचातली, त्यामुळे साताऱ्यात सूचिपर्णी वृक्ष आले. दगडांचा प्रश्न २०१९ मध्ये सुटला. एपिकने क्विक्सेल ही स्वीडनची कंपनी विकत घेतली. ही मंडळी जगभर हिंडून खरे दगड, माती, शेवाळ असं सगळं कॅमेऱ्याने टिपून आणतात, आणि तो साठा अनरियल वापरणाऱ्यांना फुकट झाला. भाच्याने तोरण्याचा कडा आइसलंडच्या दगडांनी रचला. मी नाक मुरडणार होतो, तर तो म्हणाला, “मामा, दोन्हीकडे बेसॉल्टच.” हे बरोबर आहे. सह्याद्री लाव्हाचा, आइसलंडही लाव्हाचं. भूशास्त्राच्या दृष्टीने त्या गेममधली बिनचूक गोष्ट तेवढी एकच होती.

फुकटपणाचा एक परिणाम मात्र कोणी कराराच्या मसुद्यात लिहून ठेवलेला नाही. लाखो डॉलर देऊन इंजिन घेतलं असतं तर माणूस चरफडत का होईना त्याच्याशी टिकून राहिला असता. फुकट असल्यावर सोडायलाही काही लागत नाही. लॅपटॉप तापतो म्हणून भाचा मधली काही वर्षं युनिटीकडे गेला आणि गवत पहिल्यापासून लावलं. युनिटीची फुकट आवृत्ती तेव्हा गेम सुरू होताना आपलं नाव पडद्यावर दाखवायला लावायची. रुखवतातल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असावं, तसं. पातेलं आपलंच, पण वरण उकळताना वाचायचं नाव आत्याचं. त्यात त्याने फोनसाठी एक छोटा गेम खरोखर पुरा केला. मावळा कड्यावर चढतो, दगड चुकवतो. तो एका त्याच्या आणि एका माझ्या फोनवर चालायचा.

मग १२ सप्टेंबर २०२३ उजाडला. युनिटीने जाहीर केलं की येत्या १ जानेवारीपासून गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितके पैसे द्यावे लागतील, फुकट आवृत्तीवाल्यांना इन्स्टॉलमागे २० सेंटपर्यंत. वापरणाऱ्या माणसामागे ठरावीक वर्गणी होती तोवर ठीक होतं. इन्स्टॉलवर म्हणजे गेम एखाद्याने फुकट घेतला तरी बनवणाऱ्याने पैसे भरायचे. जगभर आग लागली. टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने निषेध म्हणून दोन खुल्या प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलर देऊन टाकले, त्यातला एक गोडो. दहा दिवसांत युनिटीने माफी मागून अटी सैल केल्या, महिनाभरात मुख्याधिकारी जॉन रिचितिएलो पायउतार झाले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात ती आकारणीच रद्द झाली.

त्या दहा दिवसांत भाचा रात्री अकराला फोन करून मला अन्याय समजावून सांगत असे. मी शांतपणे अटी वाचल्या. आकारणी सुरू व्हायला वर्षात दोन लाख डॉलरची मिळकत आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल लागत होते. “आपले किती झाले?” मी विचारलं. “मामा, प्रश्न तत्त्वाचा आहे,” तो म्हणाला. तसा तो होताच. ज्या करारात आपल्या भावी श्रीमंतीबद्दल एवढी आस्था होती, त्याच कराराने आता आगाऊ मोजणी सुरू केली, हे त्याला लागलं. भाडं वाढलं म्हणून भांडणारे पुष्कळ पाहिलेत. जे घर अजून घेतलेलंच नाही त्याच्या भाड्यासाठी इतक्या पोटतिडकीने भांडणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

सगळे गोडोकडे निघाले तसा तोही निघाला. गोडो हे अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झुर यांनी आपल्या कामासाठी बनवलेलं इंजिन, २०१४ मध्ये त्यांनी ते खुलं केलं. नाव बेकेटच्या नाटकावरून, म्हणजे ज्याची सगळे वाट बघतात आणि जो येत नाही त्याच्यावरून. गेमच्या धंद्यातल्या तारखा पाहता इतकं प्रामाणिक नाव दुसरं नसेल. त्याचा परवाना वाचून माझी निराशा झाली. सगळा मिळून पानभरही नाही. वापरा, बदला, विका, आमचं नाव तेवढं परवान्यात असू द्या, काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. टक्के नाहीत, मर्यादा नाही. तू कोट्यधीश झालास तरी आम्हाला कळवायची गरज नाही. दाजींना हे सर्वांत संशयास्पद वाटलं. “पाच टक्के मागणारे बरे,” ते म्हणाले, “निदान त्यांचा डाव तरी कळतो.”

इंजिन फुकट झाल्याने काहीच निघालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने अनरियलवर ‘राजी’ बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. तरी नेटाने काम चालू ठेवलं आणि २०२० मध्ये तो निनटेंडो स्विचवर आला, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेम्सच्या यादीत त्याला नामांकन होतं. भाच्याने तो दोनदा खेळला, खूष झाला, आणि मग म्हणाला, “पुण्याचे असून राजस्थानी वाडे केलेत.” आपल्याकडे गवताशिवाय काही नसताना हे म्हणायला जो आत्मविश्वास लागतो तो त्याच्यात जन्मजात आहे, आईकडून आलेला. दुसऱ्या बाजूला स्टीम या दुकानात २०१७ पासून १०० डॉलर भरले की कोणालाही गेम मांडता येतो, विक्री १,००० डॉलरवर गेली की ते शंभर परतही मिळतात. २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून अधिक नवे गेम आले. दिवसाला पन्नासएक. त्यात कित्येक गेम्समध्ये मला तो राखाडी पुतळा ओळखू येतो, नुसता सदरा घातलेला.

भाचा आता पुण्यात नोकरीला आहे, बिल्डरांसाठी वॉकथ्रू बनवणाऱ्या कंपनीत. सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात की मोठ्या पडद्यावर जे दाखवतात ते: बावीस मजले, मध्ये पोडियमवर बाग, बागेत फुगा धरलेलं गोरं मूल आणि योगासनं करणारे परदेशी आजोबा. हे अनरियलमध्येच चालतं. एपिकने २०२४ पासून गेमशिवाय इतर कामाला इंजिन वापरणाऱ्या, वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना माणशी वर्षाला १,८५० डॉलर लावलेत. गेमवाल्यांना अजून तीच जुनी सवलत. म्हणजे ज्याच्याकडून काही मिळेल याची शाश्वती नाही त्याला फुकट, आणि ज्याच्याकडे बिल्डर गिऱ्हाईक आहे त्याच्याकडून रोख. दाजींना पहिल्यांदाच एपिक शहाणी माणसं वाटली.

पडद्यावरच्या त्या बागेतलं गवत मी लगेच ओळखलं. वारा आला की लाट जाते. गिऱ्हाइकांना ते इतकं आवडतं, की ताबा मिळाल्यावर खालच्या लॉनवर लाट का जात नाही अशी तक्रार एकाने केली म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर एका बिल्डरची किल्ल्यांची थीम असलेली टाउनशिप त्याच्याकडे आली. इमारतींची नावं राजगड, तोरणा, पुरंदर; तोरण्यात दोन आणि अडीच बीएचके, पुरंदरात मोठे. प्रवेशद्वाराला बुरूज हवे होते. भाच्याने दोन रात्री जागून आपला जुना कडा बाहेर काढला, त्यातून बुरूज घडवले, दरवाजाला खिळे बसवले, वर भगवा लावला, आणि शेवटी एकदाचा एक मावळाही उभा केला, चेहऱ्यासकट. सादरीकरणाला तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. बिल्डरने शांतपणे पूर्ण पाहिलं. छान आहे म्हणाला. मावळ्याच्या जागी सिक्युरिटी केबिन दाखवा म्हणाला.

“आणि तो दगड फार काळा दिसतोय हो. जरा बेज करा.”